घर साखळीत, काम वेर्ण्यात: तात्पुरत्या साइटवर जाण्याच्या खर्चाची वजावट मिळते का?

साखळीचा अभियंता

मी स्वतंत्रपणे काम करणारा इन्स्ट्रुमेंटेशन अभियंता आहे. कारखान्यात नवीन यंत्रणा बसली की तिची नियंत्रण व्यवस्था चालू करून द्यायची, दोष शोधून दूर करायचे आणि तिथली माणसे तयार झाली की बाहेर पडायचे, असे माझ्या कामाचे स्वरूप आहे. साखळीच्या राहत्या घरातील एक खोली मी कार्यालय म्हणून वापरतो. मोजमापाची उपकरणे, आराखडे, बिलांच्या फायली सारे तिथेच असते आणि जीएसटी नोंदणीवरही तोच पत्ता आहे. सध्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्याचे काम हाती आहे. आरंभी काही महिन्यांचा असलेला करार वाढत वाढत आता दुसऱ्या वर्षात शिरला आहे. मधूनमधून कुडाळला आणि कारवारलाही जावे लागते. वेर्ण्याला मी स्वतःच्या गाडीने जातो, आणि शटडाऊनच्या (देखभालीसाठी कारखाना बंद ठेवण्याच्या) काळात रात्री उशिरापर्यंत काम चालणार असेल तर वास्कोत खोली घेऊन राहतो.

माझा मावसभाऊ इंग्लंडमध्ये स्विंडनला आहे आणि तोही कंत्राटी कामे करतो. त्याचे म्हणणे असे की, कामाची जागा तात्पुरती असेल तर तिथे जाण्यायेण्याचा खर्च उत्पन्नातून वजा होतो, मात्र चोवीस महिने उलटले की ती जागा कायमची धरली जाते आणि वजावट बंद होते. आपल्याकडेही अशी काही मुदत आहे का? असल्यास वेर्ण्याचे काम त्या मुदतीच्या जवळ चालले आहे, म्हणून विचारतो. कुडाळ आणि कारवारच्या फेऱ्यांचा खर्च कंपनी मला बिलात वेगळा दाखवायला सांगते, परंतु टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) मात्र संपूर्ण बिलावर कापते, हे योग्य आहे का, हेही समजून घ्यायचे आहे. माझी वर्षाची बिले साधारण चोवीस लाखांच्या आसपास जातात.


जमाखर्च, म्हापसा

मी व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट आहे. आपण विचारलेल्या मुदतीचे उत्तर एका वाक्यात देता येते: भारतीय आयकर कायद्यात स्वतंत्र व्यावसायिकासाठी चोवीस महिन्यांची, बारा महिन्यांची किंवा अन्य कोणतीही ठरावीक मुदत नाही. मात्र त्यावरून वेर्ण्याचा खर्च निश्चिंतपणे वजा करता येईल असे समजू नये, आणि त्याआधी हा प्रश्न आपल्याला लागू तरी होतो का, हे पाहावे लागेल.

आपण अभियंता आहात आणि अभियांत्रिकी हा १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४४एए(१) मध्ये नाव घेऊन नमूद केलेला व्यवसाय आहे. त्यामुळे कलम ४४एडीएची गृहीत नफ्याची योजना आपल्याला खुली आहे. या योजनेत वर्षाच्या एकूण प्राप्तीच्या पन्नास टक्के रक्कम उत्पन्न म्हणून जाहीर करायची असते. प्राप्तीची मर्यादा ५० लाख रुपये आहे आणि रोखीने मिळालेली रक्कम एकूण प्राप्तीच्या पाच टक्क्यांहून अधिक नसेल तर ती ७५ लाख होते. एकदा हा मार्ग धरला की कलम ३० ते ३८ मधील सर्व वजावटी त्या उरलेल्या पन्नास टक्क्यांत मिळून गेल्या असे कायदा मानतो. प्रवास, गाडीचा घसारा, वास्कोची खोली, उपकरणांची दुरुस्ती हे सारे त्यात आले. मग वेर्णा तात्पुरते की कायमचे, या वादाला काही अर्थच उरत नाही, कारण तो खर्च आपण वेगळा मागतच नाही.

आकड्यांत पाहू. प्राप्ती २४ लाख, आणि प्रवासाचे तीन लाख धरून सर्व खरा खर्च सात लाख, असे समजा. हिशेबाच्या वह्या ठेवून नफा दाखवला तर तो १७ लाख येतो. ४४एडीएखाली १२ लाख. म्हणजे प्रवासखर्चाचा वाद जिंकूनही आपण पाच लाखांच्या जास्तीच्या उत्पन्नावर कर भरणार. वह्यांचा मार्ग परवडतो तो खरा खर्च प्राप्तीच्या निम्म्याहून अधिक असेल तेव्हा. आणि तेव्हाही, पन्नास टक्क्यांहून कमी नफा दाखवून एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर जात असेल, तर वह्या ठेवणे आणि लेखापरीक्षण करून घेणे बंधनकारक होते. ते शुल्कही हिशेबात धरावे. एक सावधगिरी मात्र सांगतो. पन्नास टक्के हा किमान आकडा आहे, आणि करदात्याने त्याहून अधिक उत्पन्न जाहीर केल्यास ते धरावे, असे कलमात म्हटले आहे. वर्षाअखेरीस बँकेत आणि गुंतवणुकीत दिसणारी वाढ जाहीर केलेल्या उत्पन्नात बसत नसेल, तर प्रश्न विचारले जाऊ शकतात.

आता वह्यांचा मार्ग धरणाऱ्यांसाठी. तिथे कसोटी कलम ३७(१) ची आहे: खर्च भांडवली नसावा, वैयक्तिक नसावा आणि संपूर्णपणे व केवळ व्यवसायासाठी केलेला असावा. घरापासून कामाच्या नेहमीच्या जागेपर्यंत जाणे हा सर्वसाधारणपणे वैयक्तिक खर्च मानला जातो, कारण माणूस कुठे राहतो ही त्याची निवड असते. व्यवसायाचे ठाणेच घरात असेल तर गोष्ट बदलते. या फरकावर इंग्लंडच्या न्यायालयांचे दोन जुने निकाल आहेत. ते भारतात बंधनकारक नाहीत, परंतु विचाराची दिशा दाखवतात. १९५२ च्या ‘न्यूसम विरुद्ध रॉबर्टसन’ या प्रकरणात लंडनमध्ये कचेरी असलेला एक बॅरिस्टर घरीही संध्याकाळी आणि सुटीत काम करत असे, तरी घर ते कचेरी या प्रवासाची वजावट त्याला मिळाली नाही. त्याचे ठाणे लंडन होते. १९७१ च्या ‘हॉर्टन विरुद्ध यंग’ मध्ये विटांचे बांधकाम करणारा एक गवंडी होता. त्याची अवजारे आणि हिशेब घरी असत, कामाच्या साइट बदलत राहत आणि कुठल्याही साइटवर तो कायमचा नव्हता. त्याला मात्र घरापासून साइटपर्यंतचा खर्च मिळाला. आपली स्थिती बरीचशी त्या गवंड्यासारखी आहे, निदान कुडाळ आणि कारवारच्या बाबतीत तरी.

वेर्ण्याबद्दल मी तितका निःशंक नाही. मुदत नाही म्हणजे काळाला महत्त्व नाही असे नव्हे. वर्षानुवर्षे एकच माणूस एकाच कारखान्यात, एकाच कंपनीसाठी, ठरलेल्या वेळेला जात असेल, तर त्याचे ठाणे आता साखळीत नसून वेर्ण्यात आहे, असे अधिकारी म्हणू शकतो. त्याहून गंभीर शक्यता अशी की, हजेरी, सुट्टीची परवानगी, वरिष्ठाचे रोजचे आदेश आणि दरमहा ठरावीक रक्कम या गोष्टी दिसल्या, तर हे कंत्राट नाहीच, ही नोकरी आहे, असा प्रश्न उभा राहतो. उत्पन्न पगार ठरले की कलम ३७ चा संबंधच संपतो. ४४एडीएही जाते, आणि हाती उरते ती फक्त प्रमाणित वजावट, नवीन करप्रणालीत ७५,००० आणि जुन्या प्रणालीत ५०,००० रुपये. म्हणून कराराची मुदतवाढ घेताना कामाचा प्रत्येक टप्पा स्वतंत्रपणे लिहून घ्यावा, बिल टप्प्यानुसार द्यावे, आणि अन्य ग्राहकांची कामे चालू असल्याचा पुरावा जपावा.

वजावट घ्यायचीच असेल तर पुराव्याची शिस्त हवी. स्वतंत्र व्यावसायिकासाठी किलोमीटरमागे ठरावीक दर आपल्या कायद्यात नाही. प्रत्यक्ष खर्च दाखवावा लागतो. गाडी घरच्या कामालाही वापरली जात असल्याने पेट्रोल, विमा, दुरुस्ती आणि घसारा यांचा व्यावसायिक वाटाच मिळतो, आणि तो वाटा ठरवायला तारीख, ठिकाण, काम व मीटरचे आकडे लिहिलेली साधी वही सर्वांत उपयोगी पडते. गाडीवरचा घसारा सर्वसाधारणपणे १५ टक्के दराने, दरवर्षी घटत जाणाऱ्या किमतीवर मिळतो. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रक्कम रोखीने दिली, तर कलम ४०ए(३) खाली तो खर्च नाकारला जातो.


स्विंडनवासी

मी मूळचा डिचोलीचा, आता अनेक वर्षे इथे. मावसभावांनी सांगितलेली गोष्ट खरी आहे, परंतु ती अर्धी आहे आणि ती कुणाला लागू होते हे त्यांनी सांगितलेले दिसत नाही.

तात्पुरत्या कामाच्या जागेचा इथला नियम २००३ च्या उत्पन्न कर (कमाई व निवृत्तिवेतन) कायद्यात, कलम ३३९ मध्ये आहे, आणि तो नोकरदारांसाठी आहे. स्वतःची मर्यादित कंपनी काढून तिच्यामार्फत काम करणारा कंत्राटदार कायद्याने त्या कंपनीचा संचालक आणि नोकर असतो, म्हणून तो या नियमाखाली येतो. मर्यादित कालावधीच्या किंवा अन्य तात्पुरत्या हेतूच्या कामासाठी जिथे जावे लागते ती जागा तात्पुरती. मात्र तिथल्या सलग कामाचा काळ चोवीस महिन्यांहून अधिक असेल किंवा अधिक असण्याचा संभव असेल, तर ती तात्पुरती राहत नाही. आणि सलग काम म्हणजे कामाच्या एकूण वेळेपैकी चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक वेळ तिथे जाणे.

येथे ‘संभव’ या शब्दावर सगळे अवलंबून आहे. चोवीस महिने पुरे होईपर्यंत वजावट घेत राहायचे आणि मग थांबायचे, असा हिशेब अनेक जण करतात. तो चुकीचा आहे. अठरा महिन्यांचा करार होता आणि दहाव्या महिन्यात तो तीस महिन्यांपर्यंत वाढवल्याचे कळले, तर वजावट त्या कळल्याच्या क्षणापासून बंद होते. आधीच्या दहा महिन्यांची मात्र हिरावून घेतली जात नाही, कारण तेव्हा अपेक्षा वेगळी होती. याउलट पहिल्या दिवशीच तीन वर्षांचा करार असेल तर पहिल्या दिवसापासून काही मिळत नाही. शिवाय एखादी नोकरीच मुळी त्या एका जागेपुरती असेल, म्हणजे नोकरीचा सगळा किंवा जवळजवळ सगळा काळ तिथेच जायचा असेल, तर ती अवघी तीन महिन्यांची असली तरी ती जागा कायमचीच धरतात.

६ एप्रिल २०१६ पासून आणखी एक अट आली. मध्यस्थ कंपनीमार्फत काम करणारा माणूस ग्राहकाच्या देखरेखीखाली, निर्देशानुसार किंवा नियंत्रणाखाली काम करत असेल, तर प्रत्येक काम ही स्वतंत्र नोकरी समजली जाते आणि घर ते साइट हा प्रवास रोजचे जाणेयेणे ठरतो. ‘अंब्रेला’ (कंत्राटी माणसांना स्वतःच्या पगारावर घेऊन ग्राहकाकडे पाठवणाऱ्या) कंपन्यांमार्फत गोदामांत आणि कारखान्यांत काम करणाऱ्या आपल्या बऱ्याच गोंयकारांची प्रवासाची वजावट त्या दिवसापासून गेली. ज्यांना अजून मिळते, त्यांना स्वतःच्या गाडीसाठी वर्षाच्या पहिल्या दहा हजार मैलांना मैलामागे ४५ पेन्स आणि पुढे २५ पेन्स असा दर आहे. हा दर २०११ पासूनचा आहे.

परंतु आपल्यासारखा, कंपनी न काढता स्वतःच्या नावाने धंदा करणारा माणूस इथे असता, तर त्याला चोवीस महिन्यांचा नियम मुळी लागूच झाला नसता. त्याच्यासाठी कसोटी ‘संपूर्णपणे व केवळ धंद्यासाठी’ हीच आहे, म्हणजे वर जमाखर्च यांनी सांगितलेल्या कलम ३७ च्या जवळची. मावसभावांची कंपनी आहे आणि आपली नाही, एवढ्यावरून दोघांचे उत्तर वेगळे येते. साखळी आणि स्विंडन यांच्यातले अंतर त्यात दुय्यम आहे.


तिस्क-फोंडा

मी विजेच्या जोडणीची कामे घेतो. कुंडई, मडकई, कधी तुये, कधी बांदा. माझा धंदा अभियंत्याच्या व्यवसायात मोडत नाही, त्यामुळे मला ४४एडीए मिळत नाही, ४४एडी ही छोट्या धंद्यांसाठीची तशीच योजना मिळते. त्यात बँकेमार्फत आलेल्या प्राप्तीवर सहा टक्के आणि रोखीवर आठ टक्के नफा धरतात, आणि माझ्या बिलांवर कलम १९४सीखाली एक टक्का कापला जातो. असाच धंदा करणाऱ्यांनी एक भेद लक्षात ठेवावा: ४४एडीतून एकदा बाहेर पडून कमी नफा दाखवला तर पुढची पाच वर्षे पुन्हा आत येता येत नाही. ४४एडीएला असे कुलूप नाही. माणसे आणि साहित्य टेम्पोने साइटवर नेण्याचा माझा खर्च मोठा असला, तरी त्या एका वर्षाच्या खर्चासाठी पाच वर्षांची सोय घालवावी असे मला कधी वाटले नाही.

जीएसटीबद्दल कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. कुडाळच्या लॉजचे बिल आले की त्यावर केंद्राचा आणि महाराष्ट्राचा कर असतो, कारण निवासाच्या सेवेचे पुरवठ्याचे ठिकाण ते हॉटेल जिथे आहे तेच धरले जाते. गोव्यातील नोंदणीवर त्याची जमा (भरलेला कर आपल्या देय करातून वळता करणे) मिळत नाही. कारवारच्या बाबतीत कर्नाटकचे तेच. भाड्याच्या मोटारीवरच्या कराची जमा जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) ने बहुतेकांना बंद आहे आणि पेट्रोल तर जीएसटीच्या बाहेरच आहे. तेव्हा प्रवासावरचा कर हा खर्चातच धरावा.

कंपनीकडून वेगळ्या मागितलेल्या प्रवासाच्या पैशांवर जीएसटी लावायचा नाही, असा समज सर्वत्र आहे. जीएसटीच्या नियम ३३ मध्ये ‘प्युअर एजंट’ची सवलत आहे खरी, पण ती ग्राहकाच्या वतीने, त्याच्या अधिकारपत्राने, त्याच्यासाठी तिसऱ्याकडून घेतलेल्या सेवेसाठी आहे. आपण स्वतःचे काम करायला गेलो, स्वतः लॉजवर राहिलो आणि ते पैसे मागितले, तर तो आपल्या सेवेच्या मोबदल्याचाच भाग होतो आणि मूळ सेवेला जो १८ टक्के कर आहे तोच त्यालाही लागतो. एका कंपनीच्या लेखा विभागाने मला हा कर लावू दिला नाही आणि पुढे तो माझ्या खिशातून गेला, तेव्हापासून मी काम घेतानाच हा मुद्दा लिहून घेतो.


साखळीचा अभियंता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माझ्यासाठी ४४एडीए श्रेयस्कर दिसते. मग दोन गोष्टी उरतात. कंपनी परत देते ती प्रवासाची रक्कम माझ्या प्राप्तीत धरायची का? दुसरे, माझी पत्नी शाळेत शिक्षिका आहे आणि आम्ही दोघेही मूळ गोव्याचे. आमच्या जुन्या हिशेबनिसाने माझे सगळे उत्पन्न आजवर माझ्याच नावावर दाखवले आहे. ते बरोबर आहे का, अशी शंका अलीकडे एका स्नेह्याने काढली.


जमाखर्च, म्हापसा

स्नेह्यांची शंका रास्त आहे, आणि खरे तर या साऱ्या चर्चेत आपल्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे. गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्यानुसार पती-पत्नीची मालमत्ता समाईक असते, म्हणून आयकर कायद्यात कलम ५ए आहे. ते १९९४ च्या वित्त कायद्याने घातले गेले आणि १ एप्रिल १९६३ पासून पूर्वलक्ष्यी प्रभावाने लागू झाले. त्यानुसार पगार सोडून अन्य प्रत्येक शीर्षकाखालचे उत्पन्न पती-पत्नींत निम्मे-निम्मे विभागायचे असते. पगार मात्र ज्याचा त्याच्याच नावावर राहतो. लग्नापूर्वी रीतसर करार करून मालमत्ता वेगळी ठेवलेली असेल, तर हे लागू होत नाही. तसे नसेल तर ही विभागणी ऐच्छिक नाही.

क्रम असा: आधी व्यवसायाच्या शीर्षकाखाली नफा काढायचा, म्हणजे प्रवासखर्चाची वजावट किंवा पन्नास टक्क्यांचे गृहीतक जे असेल ते तिथेच संपते, आणि मग आलेला आकडा निम्मा करायचा. आपले १२ लाख असतील तर सहा आपले, सहा पत्नीचे. विवरणपत्राच्या तिसऱ्या क्रमांकाच्या नमुन्यात यासाठी ५ए चे स्वतंत्र परिशिष्ट आहे; त्यात कापलेल्या टीडीएसचीही विभागणी दाखवता येते. पत्नीने पगाराबरोबर तिचा वाटा तिच्या विवरणपत्रात दाखवलाच पाहिजे.

आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नवीन प्रणालीच्या दरांनी पाहिल्यास गंमत दिसते. पत्नीचा पगार नऊ लाख धरू. ४४एडीएखाली तिचे उत्पन्न पगारातून ७५,००० वजा जाऊन, सहा लाख मिळवून, १४,२५,००० होते आणि उपकरासह कर ९७,५०० रुपये येतो. वह्यांच्या मार्गाने १७ लाखांचे साडेआठ लाख तिच्याकडे गेले तर उत्पन्न १६,७५,००० आणि कर १,४०,४०० रुपये. आपल्या वाट्याचे सहा लाख असोत की साडेआठ, १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला मिळणाऱ्या सवलतीमुळे दोन्ही वेळा कर शून्य. आणि समजा, तिला पगार नसता, तर दोन्ही मार्गांनी दोघांचाही कर शून्यच आला असता. वेर्णा तात्पुरते की कायमचे हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिला असता. बाहेरून येऊन गोव्यात काम करणाऱ्या, अन्य राज्यांच्या वैयक्तिक कायद्याखालच्या व्यावसायिकाला हे लाभत नाही, म्हणून इंटरनेटवरचे सर्वसाधारण सल्ले इथे जसेच्या तसे घेऊ नयेत. मागील वर्षांची विवरणपत्रे कोणती सुधारता येतील, हे कागद पाहिल्याशिवाय सांगणे उचित नाही; ते प्रत्यक्ष भेटीत दाखवा.

आता परत मिळणाऱ्या रकमेबद्दल. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या ८ ऑगस्ट १९९५ च्या परिपत्रक क्रमांक ७१५ मध्ये म्हटले आहे की, कलम १९४सी (कंत्राटांची बिले) आणि १९४जे (व्यावसायिक शुल्क) मध्ये ‘कोणतीही रक्कम’ असे शब्द असल्याने टीडीएससाठी बिलातून खर्चाची प्रतिपूर्ती वगळता येत नाही. आपली कंपनी त्याच आधारावर कापते, तेव्हा तिचे वागणे चुकीचे म्हणता येणार नाही. पावत्यांसह स्वतंत्र बिल दिल्यास आणि त्यात नफ्याचा अंश नसल्यास कपात नको, असे निर्णय न्यायालयांनी दिले आहेत, परंतु लेखा विभाग धोका पत्करत नाहीत. टीडीएस हा आगाऊ कर आहे. जादा गेला तर परतावा मिळतो. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर त्या रकमेवर मात्र कपात करायची नसते, हे २०१७ च्या परिपत्रक क्रमांक २३ ने स्पष्ट केले आहे. ते अवश्य तपासा.

४४एडीए धरणाऱ्याला याहून मोठी ठेच दुसरीकडे लागते. परतीची रक्कम प्राप्तीत गेली की तिचा निम्मा भाग उत्पन्न ठरतो. कारवार-कुडाळचे दोन लाख आपण खर्च केले, कंपनीने दोन लाख परत दिले, हाती काही उरले नाही, तरी एक लाखावर कर. त्यावर तिस्क-फोंडा यांनी सांगितलेला १८ टक्के जीएसटी आणि वरून टीडीएस. प्राप्तीत ती धरू नये असा युक्तिवाद करता येतो, परंतु बिल आपल्याच नावाचे, कपात त्यावरही झालेली आणि वार्षिक विवरणात आकडा पूर्ण दिसत असताना तो टिकवणे कठीण जाते. यावर सर्वांत स्वच्छ उपाय म्हणजे पैसे आपल्या हातातून जाऊच न देणे: रेल्वेचे तिकीट, लॉज, भाड्याची मोटार कंपनीनेच स्वतःच्या नावाने घ्यावी.

नवीन आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे. ३१ मार्च २०२६ पर्यंतचे उत्पन्न मात्र १९६१ च्या कायद्यानेच पाहिले जाईल. नव्या कायद्यात गृहीत नफ्याच्या योजना कलम ५८ मध्ये एकत्र आल्या आहेत आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाच्या पत्रव्यवहारात जुने क्रमांक वापरू नयेत.


तिस्क-फोंडा

एक भर घालतो. कंपनीने लॉज स्वतःच्या नावाने घेतली तरी कारवार-कुडाळला राज्याच्या कराची जमा तिलाही मिळणार नाही, जर तिची त्या राज्यात नोंदणी नसेल. त्यामुळे काही कंपन्या टाळाटाळ करतात. अशा वेळी दर ठरवतानाच प्रवास त्यात मिळवून एकच रक्कम सांगावी आणि ती सांगताना कर व कपातीनंतर हाती काय उरेल याचा हिशेब आधी करावा.


साखळीचा अभियंता

हे सर्व लक्षात आले. शेवटचे विचारतो: वास्कोची खोली आता शटडाऊनपुरती न घेता वर्षभराच्या भाडेकराराने घ्यावी, असा विचार चालू आहे, कारण दर वेळी शोधाशोध करावी लागते.


जमाखर्च, म्हापसा

४४एडीएमध्ये राहणार असाल तर कराच्या दृष्टीने काही फरक पडत नाही. भाडे त्या पन्नास टक्क्यांतच गेले. पुढे कधी वह्यांचा मार्ग धरण्याची शक्यता असेल तर वर्षभराचा करार टाळावा. शटडाऊनच्या रात्रींचे खोलीभाडे आपले ठाणे साखळीत आहे या म्हणण्याला पूरक ठरते. वास्कोत वर्षभर खोली असेल, तर आपण तिथेच राहून वेर्ण्याला जाता आणि साखळीला फक्त घरी जाता, असे म्हणायला जागा मिळते, आणि मग खोलीचे भाडे व गाडीचा खर्च दोन्ही वैयक्तिक धरले जाण्याचा संभव आहे. घ्यायचीच असेल तर कंपनीला तिच्या नावाने घेऊ द्या आणि करारात ती कामाच्या टप्प्याशी जोडून घ्या.